आईचं माहेरचं आडनाव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला मी अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं मराठी बोलणाऱ्या घरांतसुद्धा थोरली बहीण ती अक्का आणि धाकटा भाऊ तो तम्मा. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जात. आमच्या घरात पहिल्यांदा दहावी पास झाली ती अक्का आणि पहिला पदवीधर झालो तो मी. तिच्याशिवाय मी झालो नसतो.

ती कोल्हापुरात नर्सिंग शिकली आणि एका खासगी दवाखान्यात लागली. पुढं मी बी.एस्सी.साठी कोल्हापुरात आलो. बारावीपर्यंत मी ज्या शाळेत शिकलो तिथं इंग्रजीचा तासही मराठीतच व्हायचा. कॉलेजात प्राध्यापक काय बोलतात ते मला कळेना. शब्द जसा ऐकू येई तसा मी देवनागरीत उतरवून घ्यायचो आणि संध्याकाळी वही अक्कापुढं ठेवायचो. तिला वॉर्डातलं इंग्रजी येत होतं.

“ह्ये किडनी. ह्ये लिव्हर. आणि ह्ये काय लिवलंयस, गॉलबाडर? पित्ताची पिशवी रं. कोंबडी साफ करताना आई कशी हलक्या हातानं काढती, फुटली की सगळी कोंबडी कडू, तीच.”

असं तिनं मला तीन वर्षं शिकवलं.

राहायला मी तिच्याच घरी होतो. तिचं घर म्हणजे आमच्या मामाचं घर, कारण अक्काचं लग्न आईच्या पाठच्या भावाशीच झालं होतं. आमच्या भागात सगळ्याच जातींत ही रीत आहे. भाची मामाला द्यायची, म्हणजे पोरगी परक्या घरी जात नाही. आई सगळ्यांना अभिमानानं सांगायची, “माझी लेक माझ्याच माहेरी दिलीया.” मामा अक्कापेक्षा बराच मोठा. लहानपणी त्यानं आम्हा दोघांना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या होत्या. एका सहकारी बँकेत कारकून होता. कपड्यांना कडक इस्त्री, अक्षर मोत्यासारखं. आमच्या अख्ख्या नात्यात सुधारलेला म्हणून त्याचंच नाव घेत.

अक्काची ड्यूटी सुटायच्या आधीच तो दवाखान्याच्या फाटकाशी उभा असायचा. एखाद्या दिवशी तिला वेळ झाला तर आत जाऊन वॉर्डात विचारायचा. तिच्या नावानं आलेलं पत्र तो फोडून वाचायचा आणि मग मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती कुणाशी बोलली, काय बोलली, हसली का, हे जेवताना विचारायचा. आवाज कधी चढवायचा नाही. “माझ्यापास्नं काय लपवायचं हाय तुला? तुला मी पाळण्यात बघितलीया,” एवढंच म्हणायचा. कितीतरी दिवस आम्हाला ती माया वाटली. मी तर त्याच्या ताटात जेवत होतो, मला वेगळं काही वाटून घ्यायची सोयही नव्हती.

कोल्हापुरात नेट कॅफे निघाले, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. एका रविवारी अक्का आणि मी ई-मेलचं खातं उघडायला गेलो. प्लायवूडच्या खोपटात दोन खुर्च्या, कीबोर्डावरची अक्षरं झिजलेली. पडद्यावर फॉर्म आला. आम्ही तो परीक्षेचा पेपर सोडवावा तसा सोडवला. नाव, जन्मतारीख, गाव. शेवटी एक प्रश्न होता. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला त्याचं उत्तर विचारलं जाईल, असं लिहिलं होतं. आम्ही यादीतला पहिलाच प्रश्न घेतला, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? आधी तिचं खातं झालं, मग माझं. दोघांचा प्रश्न एक आणि उत्तरही एकच.

घरी गेल्यावर मामानं पासवर्ड मागितला. “नवरा-बायकोत कसलं कुलूप?” अक्कानं सांगून टाकला.

पुढं मला जिल्ह्यातल्याच मलकापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली आणि मी कोल्हापूर सोडलं. मी गेलो आणि त्या घरात तिसरं माणूस उरलं नाही. त्यानंतर दोन उन्हाळे झाले असतील, अक्का एक पिशवी घेऊन दवाखान्यातून परस्पर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीला मैत्रिणीच्या घरी गेली, ती परत गेलीच नाही. ही मैत्रीणही नर्स. तोंडाची फटकळ, पण माणूस सोन्यासारखं. तिच्या घरच्यांनी मागची खोली अक्काला दिली.

सोडचिठ्ठी द्यायला मामानं खळखळ केली नाही, याचं आम्हाला नवल वाटलं. वकिलाच्या टेबलावर सही करून त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि आईकडं बघून म्हणाला, “बायको न्हाय म्हणा हिला. पर भाची माझीच हाय की. ती कुठल्या कोर्टात मोडणार?”

त्या वाक्यातली धमकी मला त्या वेळी ऐकू आली नाही. आईला तर उलट बरं वाटलं. भाऊ तुटला नाही, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

अक्कानं ठरवलं होतं की जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी बघायची आणि तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला जायचं. मामा अजून फाटकाशी उभा राहत होता. आता तो बोलायचा नाही, नुसता उभा असायचा आणि ती बसमध्ये चढली की मागून मोटारसायकलवर यायचा. पोलिसांत काय सांगणार? मामा भाचीला बघायला येतो. तेव्हा इथून निघणं आणि कुठं गेली ते त्याला न कळणं, हे दोन्ही एकदम व्हायला हवं होतं. नोकऱ्यांचे अर्ज ई-मेलनं जाऊ लागले होते. अक्कानं पासवर्ड कधीच बदलला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

मी रविवारी मलकापूरहून यायचो आणि आम्ही कॅफेत जायचो. एका रविवारी खातं उघडेना. पासवर्ड चुकीचा आहे, असं लाल अक्षरात आलं. तिनं पुन्हा टाइप केला. पुन्हा लाल.

“मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं गेलं असंल,” मी म्हणालो. दाबलेलं नव्हतं.

“विसरली आसनार मीच,” ती म्हणाली. मग ‘पासवर्ड विसरलात?’ वर जाऊन तिनं आईचं माहेरचं आडनाव टाकलं, नवा पासवर्ड घेतला आणि आम्ही उठलो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आता तिच्या चेहऱ्यावर वेगळीच भीती दिसू लागली. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची गोळी, वेळ, ताप जिच्या डोक्यात असतो, ती मला म्हणाली, “तम्मा, माझ्या ध्यानात काय राहीना झालंय बघ. परवा पेशंटला इंजेक्शन द्यायच्या आधी मी चार वेळा कागद बघितला. असं कधी झालं नव्हतं.”

मी म्हणालो, झोप नीट होत नसेल. मलाही तेच खरं वाटलं होतं.

परजिल्ह्यातल्या ज्या दवाखान्यात तिनं अर्ज केला होता, तिथं मैत्रिणीनंही केला होता. मैत्रिणीला मुलाखतीचं बोलावणं आलं. अक्काला आलं नाही. मार्क अक्काचे जास्त, अनुभवही जास्त. मैत्रीण म्हणाली, “फोन लाव त्यास्नी. आसं कसं? डोळं फुटल्यात काय त्यांचं?”

आम्ही तिघं एसटीडी बूथवर गेलो. अक्का काचेच्या आत, आम्ही दोघं बाहेर. ती बोलत होती, मग नुसती ऐकत राहिली. रिसीव्हर ठेवल्यावरही काही वेळ ती बाहेर आली नाही. मैत्रिणीनं दार ओढून तिला बाहेर काढलं.

“काय म्हंत्यात?”

“म्हंत्यात, तुमाला बोलवलं होतं. तुम्हीच तर उलट कळवलंत की. घरच्या अडचणीमुळं नोकरी करणार न्हाय म्हणून. लई चांगल्या इंग्रजीत कळवलंत, म्हणाले.”

“मग तू सांगितलंस की न्हाय, मी न्हाय लिवलं म्हणून?”

“सांगितलं. तर म्हणाले, तुमचं खातं, तुमचं नाव, मग लिहिलं कुणी? आता जागा भरली.”

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि तिघांच्याही मनात एकच नाव होतं. पण तो आत शिरतोय कसा? पासवर्ड तर अक्का दर वेळी नवा घेत होती. मैत्रीण म्हणाली बँकेतला माणूस आहे, काहीतरी युक्ती शिकला असणार. मला तर वाटू लागलं की तो कॅफेतच कुठंतरी बसून आमच्यावर नजर ठेवतो. आम्ही तिघं नेहमीचा कॅफे सोडून दुसरीकडं गेलो. आत शिरताना मी प्रत्येक खोपटाच्या पडद्याखालून पाय बघत गेलो.

खातं अर्थातच उघडलं नाही. अक्कानं ‘पासवर्ड विसरलात?’ वर नेलं. प्रश्न आला. ती एका बोटानं टाइप करायची. आडनावाची पहिली दोन अक्षरं झाली आणि तिचं बोट थांबलं.

“तम्मा, ह्ये आडनाव कुणाचं?”

“आईचं. माहेरचं.”

“आईचं कुठलं आलंय? लगीन झाल्यापास्नं आईनं ह्ये लावलंय का कधी? आज दारावर पाटी कुणाची हाय ह्या आडनावाची?”

ज्या कुणी तो प्रश्न तयार केला असेल त्याला वाटलं असणार, आईचं माहेरचं आडनाव म्हणजे लांबची, मागं पडलेली, सहसा कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. आमच्यात ते आडनाव मामाच्या दारावर होतं, गॅसच्या पुस्तकावर होतं, लग्न झाल्यापासून अक्काच्या स्वतःच्या नावापुढं होतं. ते लपलेलं नव्हतंच कुठं. दर खेपेला हा प्रश्न आला आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही. मी तर विज्ञानाचा पदवीधर.

अक्का हसायला लागली. “मी म्हंतोय, माझं डोकं फिरलंय. आणि त्यो बाबा नुसतं सोताचं आडनाव लिवून आत येतोय. आणि मी? मी माझ्या घरात जायला त्याचंच नाव लिवतोय.”

आमच्याकडं बायकाही ‘मी जातोय, मी म्हंतोय’ असंच बोलतात. त्या दिवशी ते मला उगाचच ऐकू आलं.

“आता दुसरा प्रश्न घेऊ,” मी म्हणालो आणि यादी उघडली. तुमचा जन्म कुठं झाला? मामाच्याच घरात, आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. तुमची पहिली शाळा कोणती? मामानंच सायकलीच्या नळीवर बसवून नेलं होतं. तुमचे आवडते शिक्षक? त्या गुरुजींनी मामालाही शिकवलं होतं. लहानपणच्या पाळीव प्राण्याचं नाव?

“कुत्रं त्यानंच आणलं होतं की,” अक्का म्हणाली.

यादी संपली. पाळण्यापासून बघितलेल्या माणसाला त्यातलं एकही उत्तर अवघड नव्हतं.

“मग खोटं लिहायचं,” मी म्हणालो.

“फॉर्मात?”

तिनं ते असं विचारलं की मीही दचकलो. आमच्यासारख्या घरांत फॉर्म ही साधी गोष्ट नसते. नावात एक वेलांटी चुकली की जातीचा दाखला अडतो, दाखला अडला की शिष्यवृत्ती अडते, आणि मग तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चपला झिजतात. ‘वरील माहिती खरी आहे’ याखाली आम्ही दोघांनी आयुष्यभर सह्या केल्या होत्या. त्या सह्यांवरच तर शिकलो.

“विहारात खोटं न बोलायचं चौथं शील म्हणताना डोळं मिटून म्हंतोस,” अक्का म्हणाली, “आणि हितं थोरल्या बहिणीला लबाडी शिकिवतोस व्हय रं?”

मैत्रीण मागं उभी होती. ती म्हणाली, “काम्प्युटर काय तहसीलदार हाय व्हय, दाखला मागायला? लिव काय लिवायचं ती! आईचं माहेर बटाटेवडा म्हणून लिव.”

बाहेरून कॅफेवाला ओरडला, “पावणं, वेळ झाली की! का वाढवू?”

“वाढवा!” तिघं एकदम म्हणालो.

मग आम्ही शांतपणे काम केलं. अक्कासाठी एक नवं खातं उघडलं. प्रश्न तोच ठेवला, आईचं माहेरचं आडनाव, पण उत्तर खोटं. ते टाइप करताना तिनं मला आणि मैत्रिणीला तोंड फिरवायला लावलं. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरही तिचं नाव नोंदलेलं होतं. तिथंही पासवर्ड, प्रश्न आणि ई-मेलचा पत्ता बदलला. अक्काच्या मोबाइलचं कार्ड मामाच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं, त्याची बिलं त्याच्याच दारात जायची, म्हणूनच असले फोन ती बूथवरून करायची. ते बंद करून तिनं दुसरं घ्यायचं ठरलं. जुनं खातं मात्र बंद केलं नाही. बंद केलं तर त्याला संशय येईल, असं अक्काच म्हणाली. त्यात सणाच्या शुभेच्छा आणि विनोद येत राहू देत, वाचत बसू दे.

निघताना ती मला म्हणाली, “आता कुठं अर्ज करीन ते तुला सांगणार न्हाय. राग मानू नकोस.”

राग नाही, पण वाईट वाटलं. मी म्हणालो, “मला? मला का नाही?”

“तुलाच न्हाय.”

पुढचे महिने मी मलकापुरात कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. तासाला फळ्यावर लिहिताना खडू हातात राहायचा आणि डोक्यात येई, ती आता बसमध्ये चढली असेल, तो मागं असेल. शाळेत शिपाई निरोप घेऊन वर्गाच्या दारात आला की मी वाक्य अर्धं सोडून दाराकडं जायचो. आईशी फोनवर बोलताना मी शब्द मोजून बोलू लागलो. आईला जे कळे ते मामाला कळे. त्यात तिचा काही डाव नव्हता. “माझ्या पाठचा हाय त्यो,” ती म्हणायची. “जेवत न्हाय, खंगलाय. एकदा बोलू दे की तिला, काय बिघडतंय?” मी गप्प बसायचो. माझ्या गप्प बसण्यावरूनही ती काहीतरी ओळखत असणार, आणि तेही तिकडं पोचत असणार.

मग एके दिवशी गडमुडशिंगीहून मैत्रिणीचा फोन आला. “गेली. नीट गेली. कुठं, ती मला इचारू नकोस, मी सांगणार न्हाय,” एवढं बोलून तिनं ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा मलकापुरात आला. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधून बाहेर पडलो, तर तो कडुलिंबाखाली उभा. इस्त्रीचे कपडे, हातात कापडी पिशवी.

“काय पावणं,” तो म्हणाला, “वळख हाय का?”

अनोळखी माणसाला आमच्याकडं पावणं म्हणतात. त्यानं मला तसं म्हटलं, आणि मी त्याच्या घरात तीन वर्षं जेवलेला माणूस, खाली बघितलं.

स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं चहा सांगितला. पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून माझ्यापुढं सरकवला. “ताईनं, तुझ्या आईनं पाठिवलीया. तुला आवडती म्हणून.” तो खरंच खंगला होता. गालफडं बसली होती. मला त्याची दया आली आणि त्या दयेचीच भीती वाटली.

“कुठं हाय ती?”

“माहीत नाही.”

“तम्मा, तुला सायकल कुणी शिकिवली?”

“तुम्ही.”

“मग सांग की. मी काय खाणार हाय तिला? मामा हाय मी. एकदा बघतो आणि येतो माघारी.”

“मामा, मला खरंच माहीत नाही.”

तो टेबलावरून पुढं झुकून माझ्या चेहऱ्याच्या बाजूला बघू लागला. आधी डावीकडं, मग उजवीकडं. तो माझे कान बघत होता. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात. लहानपणी यावरून सगळं घर हसायचं. तो बराच वेळ बघत राहिला. कान लाल झाले नसणार, कारण मी खरंच बोलत होतो. अक्का ‘तुलाच न्हाय’ का म्हणाली, ते मला त्या टेबलाशी कळलं.

“तुला सांगितलं न्हाय तिनं,” तो हळू म्हणाला. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त लागलेलं दिसलं. मग तो उठला, चहाचे पैसे दिले आणि शर्ट नीट करत सहज बोलल्यासारखं म्हणाला, “जेवण बरं हाय म्हंती तिकडचं. तेवढं एक बरं.”

एसटी लागली होती. तो चढला आणि खिडकीतून त्यानं हातही केला.

जेवण बरं आहे, असं अक्का कुणाला म्हणाली होती? मैत्रीण बोलणार नाही. आईला काही ठाऊक नव्हतं. मी शाळेत न जाता तडक नेट सेंटरवर गेलो. मलकापुरात तेव्हा मला ठाऊक असलेलं ते एकच होतं. माझं खातं उघडलं. लाल अक्षरं आली. पासवर्ड चुकीचा.

अक्काचं खातं, नोकरीचं खातं, मोबाइल, आम्ही सगळं बंदोबस्तात ठेवलं होतं. माझं खातं आम्हा दोघांनाही आठवलं नव्हतं. आई तीच, तिचं माहेर तेच.

मी ते आडनाव टाइप केलं आणि आत गेलो. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरांत दिसतं. अक्काच्या नव्या खात्यावरून आलेलं एक पत्र तिथं होतं. मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याची अक्षरं ठळक नव्हती. त्यात तीनच वाक्यं होती. पोचले. जेवण बरं आहे. काळजी करू नकोस. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. गावाचं नाव नव्हतं, दवाखान्याचं नव्हतं. पत्ता कळला नव्हता म्हणून तो मलकापूरला आला होता. पण तिच्या नव्या खात्याचं नाव आता त्याच्याकडं होतं, आणि माझ्या खात्यात बसून तो माझ्या नावानं तिला काहीही लिहू शकत होता. कदाचित लिहिलंही असेल आणि पुसलं असेल.

मी तिथंच नवं खातं उघडलं. आईच्या माहेराचं मी काय लिहिलं ते सांगत नाही. मग अक्काला पत्र लिहायला बसलो, आणि पहिल्याच ओळीला अडलो. तिनं हे पत्र माझंच कशावरून मानायचं? तेव्हा मराठी टाइप करायची सोय नव्हती, म्हणून ते मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. अक्कानं ते छापून ठेवलं होतं. बऱ्याच वर्षांनी तिच्याकडूनच मला मिळालं. इथं देवनागरीत देतो.

अक्का,

हे माझं नवं खातं आहे. जुन्यावर लिहू नकोस. तुझं ‘पोचले’ हे पत्र माझ्याआधी मामानं वाचलं. माझ्याही खात्याला आपला तोच प्रश्न होता. त्याला गाव कळलेलं नाही, पण तुझ्या या खात्याचं नाव कळलं आहे. मधल्या काळात माझ्या नावानं काही आलं असेल तर त्याला उत्तर देऊ नकोस. दिलं असशील तर आधी तिथल्या मेट्रनला सगळं सांगून ठेव. लाजू नकोस.

हे मीच लिहितोय हे तुला पटावं म्हणून मामाला माहीत नसलेली एक गोष्ट लिहितो. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर मी कॉलेज सोडून कबनूरला यंत्रमागावर कामाला गेलो होतो. इंग्रजी झेपत नव्हतं आणि तुला सांगायचं धाडस नव्हतं. तू ड्यूटी करून तशीच पांढऱ्या साडीत तिथं आलीस. दारात उभं राहून तू ओरडत होतीस, पण मागांच्या खडखडाटात मला नुसते ओठ हलताना दिसत होते. केसांवर रुई बसली होती. मग तू पिशवीतून माझं जर्नल काढलंस आणि उघडून माझ्याकडं धरलंस. अर्धं सोडलेलं बेडकाचं चित्र तू पुरं केलं होतंस. परत येताना एसटीत तू रागावली नाहीस. एवढंच म्हणालीस, “बेडकाला मान नसती तम्मा. तू काढली होतीस. खोडलीया मी.” घरी मामाला तू सांगितलंस, कॉलेजची सहल गेली होती पन्हाळ्याला. मी तोंड धुवायला मागं निघून गेलो.

त्या दिवशी तू आली नसतीस तर मी आज मास्तर नसतो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता माझं ऐक. तू कुठं आहेस ते मला कळवू नकोस. मामा येऊन गेला, पुन्हा येईल, आणि माझ्या तोंडावरून त्याला सगळं कळतं. आईला मी तू बरी आहेस एवढंच सांगेन. माझ्या नावानं, तम्मा अशी सही करून कुणी तुझा पत्ता विचारला, आई आजारी आहे असं लिहिलं, तरी आधी गडमुडशिंगीला फोन करून खरं काय ते विचार. तिथं कुणी खोटं सांगणार नाही.

आणि पुढं कधी राहवलं नाही म्हणून मीच खरोखर पत्ता विचारला, तरीसुद्धा देऊ नकोस.

तुझा
तम्मा